मिटलेल्या महासागराचे दोन काठ : लॅक्सफर्ड ते शॅप, आठ दिवस

ही सहल उत्तरेकडून दक्षिणेकडे करायची. उलट केली तरी खडक तेच दिसतात, पण मग हिशेब तळातून वर वाचल्यासारखा होतो. उत्तरेला स्कॉटलंडमधलं लॅक्सफर्ड, दक्षिणेला इंग्लंडमधलं शॅप. आज या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वी ते किमान चार हजार किलोमीटर होतं आणि मध्ये आयापेटस नावाचा महासागर होता. उत्तरेचा काठ लॉरेन्शियाचा, म्हणजे उत्तर अमेरिका-ग्रीनलंडच्या जुन्या खंडाचा. दक्षिणेचा काठ ॲव्हलोनियाचा, जो गोंडवना या दक्षिणेकडच्या महाखंडापासून सुटून उत्तरेकडे निघाला होता.

अटलांटिक उघडण्याआधी तिथेच दुसरा एक महासागर उघडून मिटला होता का, हा प्रश्न भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६६ साली मांडला. त्याला नाव मिळालं १९७२ मध्ये, हारलंड आणि गेयर यांच्याकडून. ग्रीक पुराणात आयापेटस हा ॲटलासचा बाप. अटलांटिकच्या आधीचा महासागर म्हणून हे नाव चपखल बसलं.

सामान थोडंच, पण नेमकं. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचे १:५०,००० भूशास्त्रीय नकाशे, दहापट भिंग, नती (थराचा उतार) मोजता येणारं होकायंत्र, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. हातोडा न्यायचा असेल तर न्या, पण तो बहुतेक वेळ पिशवीतच राहणार आहे. खाली दिलेल्या बऱ्याचशा जागा संरक्षित आहेत आणि दोनशे वर्षं लोकांनी ठोकून ठोकून त्यांचे कोपरे बोथट केले आहेत. काळ मे किंवा सप्टेंबर. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे ढग असतात. भिंगाला डोळा लावून दोन मिनिटं स्थिर उभं राहणंही तेव्हा अशक्य होतं.

दिवस पहिला : लॅक्सफर्ड

इन्व्हरनेसहून उलापूलमार्गे उत्तरेला. पुढचे काही रस्ते एका गाडीच्या रुंदीचे आहेत. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जागोजागी रस्ता फुगवलेला असतो. तिथे गाडी लावून खडक बघायला जायचं नाही.

लॅक्सफर्ड पुलाजवळ रस्ता रुंद करताना कापलेली एक उंच दरड आहे. या सहलीत एकच दरड नीट बघायला वेळ असेल तर हीच बघावी. करडे-पांढरे पट्टे असलेला खडक म्हणजे लुईशियन नाइस, खोलवरच्या उष्णतेत आणि दाबात बदललेला खडक. त्याच्या सर्वांत जुन्या भागांचं वय ३०० कोटी वर्षांच्या घरात जातं. त्यात घुसलेल्या काळ्या भिंती स्कॉरी डाइकच्या (डाइक म्हणजे भेगेत शिरून थिजलेला शिलारस), सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या. आणि या दोघांनाही आडवातिडवा कापत गेलेला गुलाबी ग्रॅनाइट, सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीचा. कोण कोणाला कापतं एवढंच बघत गेलं की क्रम आपोआप लागतो. मात्र डाइक मूळच्या सरळ राहिलेल्या नाहीत. त्या चेपल्या गेल्यात, ताणल्या गेल्यात, काही ठिकाणी तुटून मणी ओघळावेत तशा झाल्यात. म्हणून पट्ट्याला पट्टा समांतर दिसला तरी 'हे एकाच वेळचे' असं म्हणायची घाई करू नये. एखाद्या टोकाला तरी छेद सापडतो, तो शोधायचा.

असाच नाइस ग्रीनलंडमध्ये आहे. पायाखालचा खडक अमेरिकेच्या बाजूचा आहे, याचा हा पहिला पुरावा. पण एवढ्यावर खंड जोडता येत नाहीत. जुना नाइस जगात बऱ्याच ठिकाणी मिळतो.

दिवस दुसरा : स्कियाग पूल आणि नॉकन क्रॅग

दक्षिणेकडे परत येताना लॉख ॲसिंटच्या (लॉख म्हणजे तळं) काठी स्कियाग पुलापाशी थांबायचं. इथे रस्त्याच्या कडेनेच कॅम्ब्रियन, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाचे, थर क्रमाने मिळतात.

आधी पांढरा क्वार्ट्झाइट, वाळूपासून बनलेला कठीण खडक. त्याच्या वरच्या भागात थरांना काटकोनात उभ्या नळ्या आहेत, बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक. उथळ समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या किड्यांची ही बिळं. म्हणून या खडकाचं नावच पाइप रॉक. वरून पाहिलं तर नुसते गोल ठिपके दिसतात, नळी ओळखायची तर उभा छेद हवा. त्यावर तपकिरी, सहज झिजणारे फ्युकॉइड बेड्स. समुद्री शेवाळाचे ठसे समजून दिलेलं हे नाव चुकीचं आहे, ते ठसेही किड्यांच्या वाटा आहेत. पण नाव चिकटलं ते चिकटलं. मग साल्टेरेला ग्रिट, ज्यात काही मिलिमीटर लांबीचे शंकूच्या आकाराचे कवचधारी जीव सापडतात. आणि सर्वांत वर डर्नेस गटाचा चुनखडक, जो बराचसा डोलोमाइट आहे.

इथे आम्लाची बाटली काढायची. साध्या चुनखडकावर थेंब पडताच फेस येतो. डोलोमाइटवर काहीच होत नाही, मग चाकूने ओरखडून भुकटी करून थेंब टाकायचा, तेव्हा बारीक बुडबुडे येतात. ओल्या खडकावर ही चाचणी फसते, कारण आम्ल पाण्याने पातळ होतं. आधी फडक्याने पुसून घ्यावं.

फ्युकॉइड बेड्समध्ये ओलेनेलस गटातले ट्रायलोबाइट (समुद्रातले नामशेष, खंडित कवचाचे जीव) मिळालेत. अशी ट्रायलोबाइटं उत्तर अमेरिकेच्या कॅम्ब्रियन थरांत आहेत, वेल्स आणि इंग्लंडमध्ये त्यांच्याऐवजी वेगळीच मंडळी आहेत. डर्नेसच्या चुनखडकात १८५४ साली चार्ल्स पीच यांना जीवाश्म सापडले. ते तपासताना जे. डब्ल्यू. साल्टर यांच्या लक्षात आलं की हे ब्रिटनमधल्या कशाशी जुळत नाहीत, उत्तर अमेरिकेतल्यांशी जुळतात. खंड सरकतात ही कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे निरीक्षण बरोबर असूनही ते ठेवायला खण नव्हता. शंभर वर्षं ते तसंच पडून राहिलं.

लॉखच्या पलीकडचे डोंगर बघायला विसरू नये. तपकिरी टॉरिडोनियन वालुकाश्माचे थर जवळपास आडवे आहेत आणि त्यांच्यावरून पांढरा क्वार्ट्झाइट पूर्वेकडे उतरत जातो. उतरता उतरता तो टॉरिडोनियन ओलांडून थेट नाइसवर टेकतो. समुद्राची वाळू काही मुळात उतारावर साचलेली नाही. ती आडवी साचली, म्हणजे त्या वेळी तिच्याखालचा टॉरिडोनियन पश्चिमेकडे कललेला होता. नंतर सगळंच पूर्वेकडे कललं आणि टॉरिडोनियन पुन्हा आडवा झाला. आज आडवा दिसणारा थर कधीच हलला नाही, असं गृहीत धरणाऱ्याला इथे चांगला धडा आहे. उद्या याचा उपयोग होईल.

दुपारी नॉकन क्रॅग. चढावाची पायवाट आहे, तास-दीड तास पुरतो. सकाळी पाहिलेलेच थर खालून वर ओळीने येतात आणि वर कड्यात एक रेघ दिसते. रेघेखाली फिकट साईच्या रंगाचा डोलोमाइट, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. रेघेवर गडद, पापुद्रे सुटणारा मोइन शिस्ट, ज्याची मूळ वाळू त्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधी साचली. जुना खडक नव्याच्या डोक्यावर. एक हात खाली, एक हात वर ठेवता येतो. मोइन थ्रस्ट, म्हणजे जुना खडक नव्यावर ढकलला गेला ती भेग, तो हाच. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, आयापेटस मिटत असताना, हा सगळा पत्रा पश्चिमेकडे कित्येक दहा किलोमीटर ढकलला गेला.

भूशास्त्रज्ञ मर्चिसन म्हणत होते की थर खालून वर सरळ वयाच्या क्रमानेच आहेत. निकोल यांना ते मान्य नव्हतं. वाद चालला जवळपास पंचवीस वर्षं. १८८३ मध्ये चार्ल्स लॅपवर्थ यांनी एरिबोलला थर पावलापावलाने नकाशावर उतरवले, मग सर्व्हेच्या बेन पीच आणि जॉन हॉर्न यांनी सगळा पट्टा पिंजून काढला. त्यांचा १९०७चा ग्रंथ आजही उघडावा लागतो. रेघेलगतच्या खडकाला मायलोनाइट हे नाव लॅपवर्थ यांनीच दिलं, जात्यात भरडलेला या अर्थाने. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवलं की त्यातले कण भरडलेले नाहीत, खोलीवरच्या उष्णतेत ते ताणले जाऊन पुन्हा स्फटिकले आहेत. जात्यापेक्षा लाटण्याची उपमा बरी झाली असती.

दिवस तिसरा : टॉरिडोनियन आणि पुराचुंबकत्व

जीवाश्म 'शेजारी कोण' एवढं सांगतात. अक्षांश हवा असेल तर खडकातलं चुंबकत्व मोजावं लागतं. उलापूलच्या आसपासचा तांबडा टॉरिडोनियन वालुकाश्म त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांची ही वाळू. तिरप्या थरांवरून त्या नद्या पूर्वेकडे वाहत होत्या असं दिसतं, म्हणजे वाळू आणणारा प्रदेश पश्चिमेला होता, जिथे आज समुद्र आहे.

टेड अर्व्हिंग केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथले नमुने गोळा करत हिंडले. त्याच सुमारास, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रोत्साहनाने भारतातून दख्खनच्या बेसॉल्टचे काही नमुने मागवून त्यांनी भारत उत्तरेकडे सरकला का हे तपासलं होतं. उत्तर 'हो' असं आलं. टॉरिडोनियनमध्ये त्यांना आजच्या क्षेत्राशी फटकून असलेल्या दिशा मिळाल्या, काही थरांत तर नेमक्या उलट्या. तरी त्यांच्या प्रबंधाला पीएच.डी. मिळाली नाही. पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. दिशांच्या विखुरण्याची सरासरी आणि चूक कशी काढायची, याचं गणित फिशर यांनी १९५३ मध्ये छापलं. आजही प्रत्येक पुराचुंबकीय तक्त्यात तेच वापरतात.

नमुना घ्यायची रीत अशी. परवानगी आधी, लेखी. संरक्षित जागेत सरकारी संस्थेची, इतरत्र जमीनमालकाची. पेट्रोलवर चालणारं, करवतीच्या इंजिनाचं हातातलं ड्रिल, त्याला २५ मिलिमीटर व्यासाचा गाभा काढणारी हिऱ्याच्या कणांची नळी. पाण्याचा दाबाचा डबा जोडीला लागतोच. पाणी थांबलं की नळी तापते, हिरे झडतात आणि गाभा आत अडकून बसतो. सहा ते दहा सेंटिमीटर खोल गेलं की ड्रिल काढायचं, पण गाभा तोडायचा नाही. तो अजून डोंगराला जोडलेला असतानाच त्याभोवती खाच असलेली नळी सरकवायची, तिच्यावरच्या मापकाने कल आणि होकायंत्राने दिशा घ्यायची आणि खाचेतून पितळेच्या तारेने गाभ्यावर रेघ ओढायची. मग हलक्या हाताने तोडून बाहेर काढायचा, रेघ पक्की करायची, वरच्या बाजूकडे बाण काढायचा, क्रमांक घालायचा. एका ठिकाणी सहा ते दहा गाभे. प्रयोगशाळेत त्यांचे सव्वादोन सेंटिमीटरचे तुकडे होतात.

चुका नेहमीच्याच. रेघ ओढण्याआधीच गाभा फिरला किंवा तुटला, तर तो तसाच वहीत 'दिशाहीन' लिहून बाजूला ठेवावा. अंदाजाने बसवलेला गाभा नसलेल्या गाभ्यापेक्षा वाईट. बाण उलटा पडला तर उलट ध्रुवीयतेचा खोटा थर तयार होतो. असा थर एकाच गाभ्याचा असेल तर आधी बाणावर संशय घ्यायचा, पृथ्वीच्या क्षेत्रावर नंतर. बेसॉल्ट किंवा सर्पेंटिनाइटसारख्या चुंबकीय खडकाजवळ होकायंत्राची सुई खडकच ओढतो, तिथे सूर्य-होकायंत्र लागतं आणि त्यासाठी सावलीची नोंद मिनिटापर्यंत वेळ टाकून करावी लागते. स्कॉटलंडमध्ये सूर्य मागून मिळत नाही, त्यामुळे ऊन पडलं की हातातलं काम सोडून आधी सावली घ्यायची. उघड्या माथ्यावरचे खडक घेऊ नयेत. वीज पडून त्यांचं चुंबकत्व नव्याने लिहिलं गेलेलं असतं. आणि प्रत्येक ठिकाणी थराची नती मोजायची, कारण कल काढून टाकल्याशिवाय दिशेला अर्थ नाही. कालचा आडवा टॉरिडोनियन आठवा. तिथे दोन कल एकमेकांना खोडून निघालेत, ते कळलं ते क्वार्ट्झाइटमुळे.

प्रयोगशाळेत तुकडा टप्प्याटप्प्याने तापवून, दर टप्प्यावर मोजून नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवतात. मॅग्नेटाइटचं ५८० अंश सेल्सिअसला संपतं, हेमॅटाइटचं ६८०च्या आसपास. दिशा शेवटपर्यंत एका सरळ रेषेत शून्याकडे गेली तर मान्य. वाकडी गेली तर अजून दुसरं काही उरलेलं आहे.

गणित मात्र शाळेतलं आहे. चुंबकीय नतीचा (खडकातलं चुंबकत्व आडव्या पातळीशी करतं त्या कोनाचा) टॅन्जंट अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. नती ३६ अंश आली तर अक्षांश २०, नती ४९ आली तर ३०, नती ७४ आली तर ६०. यातला सर्वांत छुपा दोष गाळाच्या खडकांचा. वरच्या वजनाने गाळ दबला की त्यातले चपटे कण आडवे होतात आणि नती कमी भरते. खरी ४९ अंशांची नती दबून ३५ झाली तर अक्षांश ३०ऐवजी १९ निघतो. अकरा अंशांची चूक, म्हणजे बाराशे किलोमीटर. एवढ्यात अख्खा समुद्र बसतो किंवा उठतो. आणि रेखांश या पद्धतीने मिळतच नाही, कारण क्षेत्र पृथ्वीच्या अक्षाभोवती सगळीकडे सारखं धरलेलं असतं.

दिवस चौथा : रस्ता

दिवसभर गाडी. इन्व्हरनेसहून लॉख नेसच्या कडेने जाणारी सरळ दरी म्हणजे ग्रेट ग्लेन विभंग (खडक तुटून सरकलेली मोठी भेग). १९४६ मध्ये केनेडी यांनी दोन्ही बाजूंचे स्ट्रॉन्शियन आणि फॉयर्सचे ग्रॅनाइट एकाच खडकाचे दोन तुकडे मानून सुमारे १०५ किलोमीटर सरक काढली. जोडी पुढे चुकीची ठरली. विभंगाची एक बाजू दुसरीच्या डावीकडे सरकली हे मात्र टिकलं.

संध्याकाळी लॉख लोमंडच्या काठी बालमाहाच्या वर कॉनिक हिलवर चढलं तर तळ्यातली बेटं एका ओळीत दिसतात. ओळ हायलंड बाउंडरी विभंगाची. ढग खाली असतील तर चढू नये, फक्त घाम येतो.

दिवस पाचवा : बॅलन्ट्रे

गिर्व्हन ते बॅलन्ट्रे हा वीस-बावीस किलोमीटरचा किनारा. निघण्याआधी ओहोटीची वेळ बघायची आणि ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं. भरती चढताना दोन खडकाळ टोकांच्या मध्ये अडकणं सोपं आहे.

हे सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे महासागरी कवचाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे (पृथ्वीच्या आतल्या जाड थराचे) तुकडे, ओफिओलाइट. पिनबेनच्या किनाऱ्यावर हिरवट-लालसर सर्पेंटिनाइट आहे, ओला असला की साबणासारखा. बेनेन हेडच्या बाजूला पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाच्या उशा एकीवर एक रचलेल्या. प्रत्येक उशीची वरची बाजू फुगीर, खालची बाजू खालच्या दोन उशांच्या फटीत टोकदार उतरलेली. याच आकारावरून थर सुलटा की उलटा ते ठरतं. एका उशीवर विसंबू नये, निदान दहा बघाव्यात. कडेची काळी काचेसारखी साय पाण्याने झटक्यात थंड झाल्याची खूण.

उशा दिसल्या की 'महासागराच्या मध्य-रांगेतला तळ' असं लिहून मोकळं व्हायची सवय वाईट आहे. ज्वालामुखी बेटाच्या उतारावर आणि बेटांच्या कमानीतही अशाच उशा बनतात. फरक रसायनातून काढावा लागतो. समुद्राच्या पाण्याने सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम इकडचे तिकडे होतात, म्हणून ते सोडून टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम यांची गुणोत्तरं बघायची. पिअर्स आणि कॅन यांनी १९७३ मध्ये दिलेल्या आलेखांपासून ही पद्धत रुळली. बॅलन्ट्रेच्या लाव्हांत बेटांच्या कमानीच्या आणि महासागरी बेटांच्याही खुणा निघतात. म्हणजे हा एका महासागराचा एकसंध तळ नाही, काठावर चेपून जमा झालेली भंगाराची रास आहे.

गिर्व्हनच्या ऑर्डोव्हिशियन (कॅम्ब्रियननंतरच्या कालखंडाच्या) चुनखडकातले ट्रायलोबाइट आणि ब्रॅकिओपॉड (दोन शिंपल्यांचे समुद्री जीव) अमेरिकेतल्या ॲपलाचियन रांगेतल्यांशी जुळतात. म्हणजे अजून आपण उत्तर काठावरच आहोत.

दिवस सहावा : डॉब्ज लिन

मॉफटहून सेल्कर्कच्या रस्त्याला सोळाएक किलोमीटरवर गाडी ठेवून ओढ्याने आत. लॅपवर्थ गॅलशील्समध्ये शाळामास्तर होते, तेव्हा सुट्टीत इथे येऊन एकेक इंच शेल तपासत. १८७८ मध्ये त्यांनी दाखवलं की सदर्न अपलँड्समध्ये प्रचंड जाड वाटणारा काळा शेल प्रत्यक्षात शंभरएक मीटरच आहे, फक्त घड्या आणि विभंगांनी पुन्हा पुन्हा वर आणलेला. हे कळलं ग्रॅप्टोलाइटमुळे. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या या जीवांच्या जाती भराभर बदलत गेल्या, त्यामुळे त्यांच्यावरून थराचं वय बारीक ठरतं. ऑर्डोव्हिशियननंतरच्या सिल्युरियन कालखंडाच्या तळाची जागतिक खूण म्हणून १९८०च्या दशकात याच ओढ्याची निवड झाली. बर्कहिल शेलच्या तळापासून १.६ मीटर वर.

कड्याला हातोडा लावायचा नाही. खाली घसरून पडलेल्या तुकड्यांतच भरपूर मिळतं. पापुद्रा चाकूच्या टोकाने सोडवायचा आणि तुकडा उन्हात फिरवत राहायचा. एका ठरावीक कोनात पेन्सिलीने ओढलेली, करवतीच्या पात्यासारखी दातेरी, चंदेरी रेघ चमकते. समोरून बघाल तर काळ्यावर काळं. दाते एका बाजूला की दोन्ही, फांद्या किती, हे आधी बघायचं, जातीचं नाव नंतर. मध्येमध्ये फिकट, चिकट मातीचे बोटभर पट्टे आहेत. ती ज्वालामुखीची राख. तिच्यातल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरून वय वर्षांत काढता येतं.

ग्रॅप्टोलाइट वयासाठी सोनं, जागेसाठी जवळपास निरुपयोगी. तरंगणारा जीव समुद्र ओलांडतो. १९७६ मध्ये मॅकेरो आणि कॉक्स यांनी हाच फरक कामाला लावला. महासागर अरुंद होत गेला तसे दोन्ही काठांवरचे प्राणी सारखे होत गेले, पण एकदम नाही. आधी तरंगणारे, मग ज्यांची पिल्लं तरंगतात असे ट्रायलोबाइट आणि ब्रॅकिओपॉड, मग तळाशीच जन्मून तळाशीच मरणारे ऑस्ट्राकॉड (बारीक कवचधारी जीव) आणि शेवटी गोड्या पाण्यातले मासे. प्राण्यांच्या या क्रमातच महासागराच्या रुंदीचा आलेख आहे. आमच्या मते आयापेटसवरचा हा सर्वांत देखणा युक्तिवाद, कारण यात एकही यंत्र नाही.

आता सदर्न अपलँड्सचा गुंता. काळा शेल म्हणजे किनाऱ्यापासून दूर, हजार वर्षांत चार-पाच मिलिमीटर साचणारा चिखल. त्यावर येतो ग्रेवॅक, म्हणजे काठावरून दरडीसारखी सुटून खोल पाण्यात पसरलेली वाळू. तिचा मीटरभर थर काही तासांत किंवा दिवसांत साचू शकतो. हा सगळा डोंगराळ पट्टा विभंगांनी लांबट चिरफळ्यांत तोडलेला आहे. एका चिरफळीत उत्तरेकडे जावं तसे थर नवे होतात. पण चिरफळ्यांची तुलना केली तर दक्षिणेकडची चिरफळी जास्त नवी. पहिल्यांदा वाचणारा इथे नकाशा उलटा धरलाय का ते बघतो.

लेगेट, मॅकेरो आणि ईल्स यांनी १९७९ मध्ये उत्तर दिलं ते असं. महासागराचा तळ उत्तरेकडे लॉरेन्शियाखाली जात होता. खंदकाशी, म्हणजे तळ खाली वळतो त्या खोल चरीशी, पोहोचलेल्या तळाच्या पाठीवरचा गाळ काठाने खरवडून घेतला. नवी खेप नेहमी आधीच्या खेपेच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, सरकवली गेली. बर्फ ढकलणाऱ्या फाळापुढे साचतो तसा. प्रत्येक खेपेतले थर उत्तरेकडे तोंड करून उभे झाले, खेपा मात्र दक्षिणेकडे नव्या होत गेल्या. खरी कसोटी शेलवर ग्रेवॅक कधी आला यात आहे. उत्तरेच्या चिरफळ्यांत तो ऑर्डोव्हिशियनमध्येच आला, दक्षिणेच्यांत सिल्युरियनमध्ये. जो तुकडा खंदकाशी उशिरा पोहोचला, त्याच्यावर वाळू उशिरा पडली. काही जण मात्र याला खंदकाकाठची रास न मानता कमानीमागच्या खोऱ्यातले दक्षिणेकडे सरकलेले थ्रस्ट म्हणतात. भांडण पूर्ण मिटलेलं नाही.

दिवस सातवा : सिकार पॉइंट

कोबर्नस्पाथच्या पूर्वेला. वरून गवताळ, अतिशय तीव्र उतार. ओला असेल तर वरूनच बघून परतावं. जेम्स हटन, जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल १७८८ मध्ये बोटीने आले, ते शहाणपणाचं होतं.

खाली कालचाच ग्रेवॅक, जवळजवळ उभा, सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर तांबडा वालुकाश्म, थोडासाच कललेला, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा. वालुकाश्माच्या तळाशी ग्रेवॅकचेच अणकुचीदार तुकडे अडकलेत. गाळ साचणं, घड्या पडणं, डोंगर उठणं आणि झिजून सपाट होणं, एवढं सगळं त्या साडेसहा कोटी वर्षांत. ही जागा 'खोल काळा'साठी दाखवतात. आयापेटसच्या हिशेबात तिचा उपयोग जास्त साधा आहे. ३७ कोटी वर्षांपूर्वी महासागर संपलेला होता.

दिवस आठवा : सॉल्वे आणि लेक डिस्ट्रिक्ट

दोन काठ जिथे जुळले ती शिवण सॉल्वे फर्थच्या आसपास. बघायला काहीच नाही, वर कार्बॉनिफेरस या नंतरच्या कालखंडाचे खडक पसरलेत. १९८०च्या दशकात ब्रिटनभोवतीच्या समुद्रातून केलेल्या खोल भूकंपलहरी-सर्वेक्षणात कवचात उत्तरेकडे उतरत जाणारा एक परावर्तक पट्टा दिसला. शिवण म्हणतात ती हीच. गाडीतून ती दहा मिनिटांत मागे पडते.

केझिकच्या वरचा स्किडॉ स्लेट, आणि खडक बदलतो. ऑर्डोव्हिशियनच्या सुरुवातीचा हा चिखल, त्यातले प्राणी थंड पाण्यातले, गोंडवनाच्या बाजूचे. गिर्व्हनच्या चुनखडकातली मंडळी इथे नाहीत आणि चुनखडकही नाही. जाड चुनखडक बहुधा उबदार उथळ पाण्यात बनतो, त्यामुळे त्याचं नसणंही नोंदवावं. पुराचुंबकत्व ॲव्हलोनियाला त्या वेळी साधारण ६० अंश दक्षिणेवर बसवतं, गिर्व्हनचा काठ २०च्या आसपास. चाळीस अंश, म्हणजे ४,४०० किलोमीटर. पाच कोटी वर्षांत हे अंतर मिटलं असं धरलं तर वर्षाला नऊ सेंटिमीटर. भूपट्टासाठी वेगवान, पण अशक्य नाही. ही रुंदी फक्त उत्तर-दक्षिण आहे. पूर्व-पश्चिम किती होती ते यात येत नाही, म्हणून 'किमान' हा शब्द गाळू नये.

बॉरोडेलचे ज्वालामुखी खडक, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे, सांगतात की तळ या बाजूनेही ॲव्हलोनियाखाली जात होता. दोन्हीकडून गिळला जाणारा महासागर लवकर संपतो.

शेवटचा थांबा शॅप. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट, त्यात अंगठ्याएवढे गुलाबी फेल्डस्पार. खाण चालू असते, आत शिरू नये. हिमनद्यांनी वाहून नेलेले त्याचे गोटे आसपासच्या शेतांच्या बांधांवर सापडतात. नकाशा काढायला बसाल तेव्हा लॉरेन्शिया आणि ॲव्हलोनियाचे अक्षांश भरीव रेघेने काढा, रेखांश तुटक रेघेने. कोपऱ्यात वय लिहा आणि अक्षांशातली चूक अंशांत लिहा, पाच असेल तर पाच.